जाड काडीची माळ

तेरा वर्षांत वच्छलाचा सासरा तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. जे काही सांगायचं ते तो गाईला सांगायचा.

यात भांडण नव्हतं की राग नव्हता. त्या काळी चांद्याकडच्या धानकरी घरांत रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, आलीच तर पदर नाकापर्यंत ओढून, आणि सासऱ्यानं सुनेचं नाव घ्यायचं नाही. सासू रुखमाबाई होती तोवर निरोप तिच्या तोंडून जायचे. ती पटकीत गेली आणि घरात देवाजी, त्याचा मुलगा लटारू आणि सून वच्छला एवढेच उरले. लटारू लाकडाच्या ठेकेदाराकडे बंडी हाकायचा. दिवाळी झाली की जंगलात जायचा तो होळीलाच तोंड दाखवायचा. मग म्हाताऱ्यानं बोलावं कोणाशी? कोठ्यात मोरी नावाची गाय होती. देवाजी तिच्यापुढे उभा राहून म्हणायचा, "मोरे, आज वांग्यात मीठ जास्त झालं." संध्याकाळी वच्छला मीठ कमी टाकायची. मोरी रवंथ करत सगळं ऐकून घ्यायची. घरातलं इतकं जाणून गप्प राहणारं दुसरं कोणी पारडवाहीत नव्हतं.

पारडवाही म्हणजे चिमूरपासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं गाव. पुढे जंगल. आणि त्या गावाला आजूबाजूचे लोक ओळखायचे ते देवाजीच्या माळेमुळे. कोणाला कावीळ झाली की रविवारी नाही तर बुधवारी सकाळी त्याला देवाजीच्या सपरीत, घरापुढच्या ओसरीत, आणून बसवायचं. देवाजी आदल्या दिवशी दुपारी एकटाच जंगलात जायचा. जाताना कोणाशी बोलायचं नाही, येताना मागे पाहायचं नाही. पळसाच्या पानांत गुंडाळून कसल्याशा वेलीच्या काड्या आणायचा आणि कोठ्याचं दार लावून त्यांची माळ बांधायचा. अर्ध्या अर्ध्या बोटाचे तुकडे, सुताचा दोरा, प्रत्येक तुकड्याला गाठ. ती माळ आधी एवढीशी असायची की रोग्याच्या टाळूवर चुंबळीसारखी बसायची. मग दिवसागणिक ती आपोआप वाढायची. कानावर यायची, गळ्यात उतरायची, छातीवर लोंबायची. बेंबीच्या खाली गेली की कावीळ उतरली. मग ती पायातून काढून वाहत्या पाण्यात सोडायची.

देवाजी कोणाकडून काही घ्यायचा नाही. पथ्य मात्र कडक सांगायचा. माळ तुटली तर उतरलेली कावीळ पुन्हा डोक्यात चढते, म्हणून डोक्यावर ओझं नाही, वाकून काम नाही, उन्हात जाणं नाही. तेल नाही, मोहाची दारू तर वासालाही नाही. तांदळाची पेज, पातळ ताक, मुगाचं पाणी, आणि माळ उतरेपर्यंत बाजेवर पडून राहायचं. पाणी पाजायलाही दुसऱ्यानं उठायचं. लोक हे सगळं डोळे झाकून पाळायचे, कारण माळ वाढताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायची.

वच्छलाच्याही डोक्यावर ती एकदा बसली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला सातव्या महिन्यात मेलेलं मूल झालं. पंधराव्या दिवशी रुखमाबाईनं तिला रोवण्याला, म्हणजे पऱ्हे, धानाची रोपं, बांधीतल्या चिखलात लावायला पाठवलं. पऱ्हे जून होऊन राह्यले, बांधीत पाणी आहे, हात कमी आहेत, असं सासूचं म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं. वच्छला तीन दिवस चिखलात वाकली. चौथ्या दिवशी देवाजी रुखमाबाईला म्हणाला की सुनेच्या डोळ्यांत कावीळ दिसते, आणि लगोलग माळ बांधून दिली. ती माळ उतरायला एक महिना आणि चार दिवस लागले. रुखमाबाई कुरकुरली, पण माळेपुढे तिचंही काही चाललं नाही. रोज पेज शिजवून सुनेच्या हातात द्यायची आणि जाता जाता भांडं जरा आपटायची. जंगलातल्या टोल्यावरची, पाड्यावरची बुधरी, गोंडाची बाई, बाळंतिणींना शेक द्यायची. ती महिनाभर येऊन वच्छलाची कंबर शेकत राहिली. वच्छला उठली ती धडधाकट उठली. तेव्हापासून ती सासऱ्याला मनातून देव मानायची.

तर हा देव वच्छलाच्या लग्नाच्या तेराव्या वर्षी, होळीच्या आधी, अंथरुणाला खिळला. त्यानं आपली बाज कोठ्यात नेऊन टाकायला लावली. निरोप मिळून लटारू जंगलातून आला होता. माळेची विद्या लटारूला देण्यात अर्थ नव्हता, कारण देणाऱ्यानं दारू पिऊ नये असा नेम होता आणि लटारूचा तो नेम दर बाजाराला मोडायचा. एके दुपारी देवाजीनं लटारूला चुना आणायला पिटाळलं. बांबूच्या ताटीच्या मागे वच्छला धान पाखडत होती. हे म्हाताऱ्याला सुपाच्या आवाजावरून पक्कं ठाऊक होतं.

"मोरे, ऐक," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा सांगणार नाई."

सुपाचा आवाज थांबला.

"माळेची काडी जंगलातली नाई. बांधावरची अंबाडी आहे. अंबाडी नसली तं तीळ, तीळ नसला तं एरंड. ओली काडी कोणतीबी चालते. काडी वाळते, आकसते, गाठ ढिली होते, दोरा सरकतो अन् माळ वाढते. माणसाच्या डोक्यावर वाढते तशीच खुंटीवरबी वाढते. माळेत काई गुण नाई."

वच्छलाच्या मांडीवरचं सूप कलंडलं. धान जमिनीवर पसरलं तरी तिला कळलं नाही.

म्हातारा थांबला नाही. जंगलात जाऊन आपण मोहाच्या झाडाखाली झोप काढतो आणि येताना नाल्याकाठच्या आपल्याच बांधावरून काड्या तोडतो, हेही त्यानं गाईला सांगून टाकलं. मग चार तुकडे घेऊन त्यानं गाठ कशी मारायची ते मोरीला दाखवलं. दोन फेरे, मधून दोरा, ओढायचा, पण गाठ आवळायची नाही. ताटीच्या फटीतून वच्छलानं ते पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "काडी मात्र माणूस पाहून घ्यायची. तेवढी एक गोष्ट विसरू नको."

काऊन, हा एकच शब्द वच्छलाच्या जिभेवर आला. माणूस पाहून म्हणजे काय, आणि माळेत गुण नाही तर इतकी माणसं बरी कशानं झाली? पण सून सासऱ्याला विचारते कधी? तिनं पदर पुढे ओढला आणि शब्द गिळला. गाईनंही काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी देवाजी गेला. तेरा गावांची माणसं आली होती. त्याचे पाय धरून रडणाऱ्यांत म्हातारे होते, लेकुरवाळ्या होत्या. वच्छला कोपऱ्यात कोरड्या डोळ्यांनी बसली होती. बायका आपसात म्हणाल्या, सुनेला धक्का बसला. धक्का बसलाच होता, पण त्यांना वाटला तो नव्हता.

तेरावा उरकल्यावर तिनं एरंडाच्या काड्या तोडल्या, सासऱ्यानं दाखवली तशी माळ बांधली आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीवर अडकवली. तिला वाटत होतं, मरताना माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. पहिल्या दिवशी माळ हलली नाही. वच्छलाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती हातभर खाली आली. सहाव्या दिवशी पाण्याच्या गुंडीला टेकली. आठव्या दिवशी तिचं टोक जमिनीवर लोळत होतं आणि मांजर त्याच्याशी खेळत होतं.

वच्छलानं माळ खुंटीवरून काढली. खुंटीला काय कावीळ झाली होती? ज्याला देव म्हणून हात जोडले त्यानं तीस वर्षं आख्ख्या मुलखाला फसवलं, आपल्याला महिनाभर डोक्यावर वाळक्या अंबाडीचा मुकुट घालून झोपवलं, आणि जाताना ती फसवणूक आपल्या पदरात टाकून गेला. तिनं माळ चुलीत घातली. आपण हे करणार नाही, असं तिनं ठरवलं. कोणी आलं तर खरं ते सांगायचं. पथ्य सांगायचं, माळ द्यायची नाही.

आणि कोणी यायचंच होतं.

आखाडाचे दिवस होते, रोवणा ऐन भरात. गुणवंतरावाची बायको आशाबाई आपल्या सुनेला, इंदूला, घेऊन सपरीत आली. पोरगी सतरा-अठराची, लग्नाला वर्ष झालेलं. वच्छलानं तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे, नखं पिवळी, अन्न पाहिलं की उमळून येत होतं. इतकी पिवळी माणसं वच्छलानं सपरीत अनेक पाहिली होती. ती सगळी उठून घरी गेली होती. तिनं आशाबाईला सगळं पथ्य नीट सांगितलं, एकवीस दिवस हिला बाजेवरून उठू देऊ नका म्हणाली, आणि माळेची काही गरज नाही, असंही म्हणाली.

आशाबाईनं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "माळ नाई म्हणतेस, मंग कावीळ तरी कायची?"

"कावीळच आहे, बाई. पण खरा गुण आरामात आहे."

"आराम," आशाबाई म्हणाली. तो शब्द तिनं जिभेवर असा फिरवला की जणू शहरातून आलेली मिठाई. "आराम कोणाले नाई लागत? मलेबी लागते. सासऱ्याची विद्या आली नाई म्हण ना सरळ."

वच्छलाच्या तोंडापर्यंत आलं होतं की विद्या आली, तीच तर अडचण झाली. पण तेवढं धाडस तिला झालं नाही. आशाबाई इंदूचा हात धरून निघाली. जाताना सपरीतल्या बाकीच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, की म्हातारा गेला आणि माळही घेऊन गेला. आशाबाई दुष्ट होती असं नाही. पऱ्ह्यांना वेळ कळत नाही आणि बांधीतलं पाणी कोणासाठी थांबत नाही. माळ असती तर तिनं कपाळाला हात लावून चार बाया जास्तीच्या शोधल्या असत्या. माळ नाही, म्हणजे अंग जरा कुरकुरतं एवढंच.

चौथ्या दिवशी इंदू बांधीत पडली.

वच्छला शेजारच्याच बांधीत होती. रोवणाऱ्या बायकांची ओळ एका सुरात मागे सरकत होती आणि मधली एक बाई सरकली नाही, एवढंच तिला आधी दिसलं. मग ती बाई पऱ्ह्यांची मूठ हातात धरून तोंडावर पाण्यात गेली. कोणी हाका मारल्या नाहीत. सगळ्या जणी क्षणभर तशाच वाकलेल्या राहिल्या. वच्छला बांध ओलांडून पोचली तेव्हा इंदूच्या नाकातोंडात चिखल होता आणि डोळ्यांच्या फटीतून तो पिवळा रंग दिसत होता. वच्छलानं तिचं तोंड धुतलं. हाताला पोरीचं अंग चुलीसारखं लागलं. हे मी केलं, एवढं एकच तिच्या डोक्यात राहिलं. माळ मागितली आणि मी नाही दिली.

गुणवंतरावानं बंडी जुंपली. चिमूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी इंदूला पाच दिवस ठेवून घेतलं, नळीनं साखरपाणी चढवलं. ती वाचेल, पण तीन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. ग्लानी आली, बरळायला लागली तर तसंच उचलून परत आणा म्हणाले. वच्छला सोबत गेली होती. डॉक्टर बोलत होते आणि ती ऐकत होती. तेल नाही, दारू नाही, पातळ अन्न, पडून राहणं. सासऱ्याचं पथ्य शब्दाशब्दानं तेच होतं. फक्त डॉक्टरांच्या पथ्यात माळ नव्हती.

इंदू घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी वच्छला तिला पाहायला गेली. बाज रिकामी होती. इंदू मागच्या अंगणात उकिडवी बसून भांडी घासत होती. भिंतीला धरून ती उठली आणि पुन्हा बसली.

मरणाच्या दारातून आणलेली पोर, आणि तिच्या हातात राख.

"बाई, डॉक्टर काय म्हणाले होते?" तिनं आशाबाईला विचारलं.

"डॉक्टरनं काई बांधून नाई ठेवली तिले," आशाबाई म्हणाली. "वावरात थोडीच पाठवून राह्यलो? बसल्या बसल्या चार भांडे."

बांधून नाही ठेवली. हे शब्द घेऊन वच्छला घराकडे निघाली आणि वाटेतच, नाल्याकाठच्या आपल्या बांधावर, तिचे पाय थांबले. देवाजीनं तीस वर्षं दुसरं काय केलं होतं? बांधूनच तर ठेवलं होतं. ज्या बाईला नवरा, सासू, डॉक्टर, कोणाच्या शब्दानं बाज मिळत नाही, तिला त्यानं अर्ध्या बोटाच्या काड्यांनी बाजेला बांधलं होतं. माळ डोक्यावर का, हेही तिला त्या क्षणी कळलं. डोक्यावर माळ असली की पाटी ठेवता येत नाही.

बांधावर अंबाडी उभी होती. शेंड्याकडची काडी सुतळीएवढी बारीक, बुडाकडची अंगठ्याएवढी जाड. बारीक काडी चार दिवसांत वाळेल, जाड काडीला महिना लागेल. काडी माणूस पाहून घ्यायची. वच्छलाला एकेक माळ आठवायला लागली. मालगुजाराच्या आळशी पोराची सातव्या दिवशी उतरली होती, आणि लोक म्हणाले होते, मोठ्या घरचं रक्त चांगलं. सुकलू कोतवालाच्या बायकोची, जिला नवरा मारायचा, तिची अडतीस दिवस उतरली नव्हती, आणि तितके दिवस त्यानं तिच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. कावीळ जुनी आहे, हट्टी आहे, असं देवाजी तेव्हा सपरीत बसून सांगायचा. वच्छला बांधावर खाली बसली. पाय चिखलात होते आणि अंगावर काटा होता.

तिनं अंबाडी बुडापासून कापली.

बुधवारची वाट पाहून ती माळ घेऊन गुणवंतरावाच्या घरी गेली. काडी मिळत नव्हती, आता मिळाली, एवढंच तिनं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा ती इतक्या लोकांसमोर खोटं बोलली आणि तिचा आवाज जराही कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. माळ इंदूच्या टाळूवर बसली. आशाबाईचा चेहरा बघता बघता बदलला. तिनं स्वतः सुनेला आत नेलं, बाजेवर निजवलं, आणि गुणवंतरावानं सवयीनं, सून आणून देईल म्हणून, पाणी मागितलं तेव्हा ती त्याच्यावर उसळली. माळ तुटली तर तुम्ही द्याल का जोडून, म्हणाली. गुणवंतराव मुकाट्यानं उठून पाणी प्यायला.

आठ दिवस माळ हलली नाही. आशाबाई रोज येऊन काळजीनं सांगायची, अजून टाळूवरच आहे गं. वच्छला म्हणायची, हट्टी आहे, वेळ लागेल. सोळाव्या दिवशी माळ गळ्यात उतरली. तोवर इंदूच्या डोळ्यांतली हळद धुऊन गेली होती आणि ती पेजेला नाक मुरडून भाकर मागायला लागली होती. तिसाव्या दिवशी माळ बेंबीखाली गेली. आशाबाईनं वाजतगाजत ती नाल्यात सोडली आणि वच्छलाच्या पाया पडायला वाकली. वच्छला मागे सरली.

त्या संध्याकाळी बुधरी टोल्यावरून मध विकायला आली होती. आता म्हातारी झाली होती ती, पण जीभ तशीच. वच्छलानं तिला सपरीत बसवून चहा दिला. दीड महिना एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती. इंदूचे डोळे पाहिल्यापासूनच.

"बुधरीबाई, तू मले शेकाले येत होतीस त्या वर्षी," ती म्हणाली. "माझे डोळे किती पिवळे होते?"

बुधरीनं बशी खाली ठेवली. "पिवळे? पांढरे फक्क होते तुहे. अंगात रगत कुठी होतं? त्या बुडग्यानं मले सांगितलं, बुधरे, कोणी विचारलं तं पिवळे म्हण." मग ती बशी उचलून सावकाश चहा प्यायली. "तुले माहीत नाई? मले वाटलं घरच्या घरी सांगितलं असंल."

घरच्या घरी. बुधरी मधाचं मडकं उचलून गेली, दिवेलागण झाली, तरी ती तिथंच बसून होती. तेरा वर्षांत एक शब्द नाही. आणि त्यातच, एक महिना आणि चार दिवस, तो माणूस तिच्याशी बोलत होता. तिला ते आज ऐकू आलं होतं.

मग ती उठली आणि कोठ्यात गेली. मोरीनं मान वर केली. रिकामी बाज अजून तिथंच होती. वच्छलानं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि गाईच्या पुढ्यात उभी राहिली.

"मामाजी," ती म्हणाली, "बुडाच्या काड्या संपल्या. पुढच्या साली अंबाडी जास्त लावीन."